जोखीम किती, उभारी किती : अडचणीतलं मूल आणि त्याचं घर



आजचा विषय मुलांचा आहे. पण मार्क, क्लास आणि मोबाइल या नेहमीच्या तक्रारींचा नाही. ज्या मुलाचे वडील गेलेत, ज्या घरात रोज संध्याकाळी दारू आहे, ज्या घरातली आई दिवस दिवस उठत नाही, ज्या घराला पोटासाठी वर्षातले सहा महिने गाव सोडावं लागतं, अशा घरातल्या मुलाबद्दल बोलायचं आहे. असं मूल आपल्या ओळखीत नसतं असं नाही. ते आपल्या कामवाल्या मावशींचं असतं, सोसायटीच्या वॉचमनचं असतं, कधी आपल्या सख्ख्या नात्यातलं असतं. आपल्याला वाईटही वाटतं. पण पुढे काय करायचं ते समजत नाही. हे मूल किती अडचणीत आहे? ते स्वतःहून सावरेल का? आणि मदत करायची तर नेमकी कुठे?

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगतो. माझी उमेद फौजेत गेली. कंपनी सांभाळताना सुट्टीवरून परतलेल्या प्रत्येक जवानाशी बसून बोलायचं, ही आमच्याकडची रीत. त्यात शेतीचा वाद, बायकोचं आजारपण, मुलाची शाळा, सगळं निघायचं. घर कळल्याशिवाय माणूस कळत नाही, हे मी तिथे शिकलो. निवृत्तीनंतर मुलांसाठी काम करणाऱ्या मंडळींबरोबर घरोघरी जातो, तेव्हा तीच सवय उपयोगी पडते.

फौजेतली आणखी एक सवय इथे कामाची आहे. कोणतीही कामगिरी हाती घेण्याआधी परिस्थितीचा अंदाज कागदावर मांडायचा असतो. त्यात समोरच्याचं बळ लिहायचं आणि आपलंही लिहायचं. फक्त समोरच्याच्या तोफा मोजून आणणाऱ्या अधिकाऱ्याला कमांडिंग ऑफिसर कागद घेऊन परत पाठवतात. मुलांच्या बाबतीत मात्र आपण बहुतेक वेळा अर्धाच कागद भरतो. "बाप दारुडा, आई अडाणी, घर गळकं," एवढं लिहिलं की झालं आपलं मूल्यमापन. उरलेला अर्धा कागद कसा भरायचा, हाच आजचा विषय आहे.

दोन शब्द आधी नीट समजून घेऊ

जोखीम म्हणजे मुलाच्या वाढीला धक्का बसण्याची शक्यता वाढवणारी गोष्ट. शक्यता, बरं का, खात्री नाही. दारुड्या बापाचा मुलगा बिघडतोच, असं जोखीम हा शब्द सांगत नाही. अशा शंभर घरांत इतर शंभर घरांपेक्षा जास्त मुलं अडचणीत येतात, एवढंच तो सांगतो. शंभरांतलं नेमकं कोणतं मूल, ते त्या घरात जाऊनच बघावं लागतं.

दुसरा शब्द इंग्रजीत रेझिलियन्स. मराठीत कोणी लवचिकता म्हणतात, कोणी चिवटपणा. मला आपल्या शेतकऱ्यांचा शब्द जवळचा वाटतो : उभारी. पावसानं महिनाभर ताण दिला, पीक माना टाकायला लागलं, आणि एक सर आल्याबरोबर त्यानं उभारी धरली. आता ही उभारी एकट्या रोपाची असते का? बियाणं चांगलं हवंच. पण जमिनीत ओल टिकून होती का, माती किती खोल होती, यावरही ते ठरतं. मुलाचंही तसंच असतं. उभारी ही त्याच्या आत दडलेली काही दैवी देणगी नाही. ती थोडी त्याच्या स्वभावात असते, बरीचशी त्याच्या माणसांत असते, आणि काही गावात, शाळेत, शेजारात असते.

अमेरिकेतल्या अ‍ॅन मास्टेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर २००१ साली याला 'साधीसुधी जादू' अशा अर्थाचं नाव दिलं. संकटातून सावरलेल्या मुलांमध्ये काही विलक्षण शक्ती असेल असं आधी वाटायचं. प्रत्यक्षात सापडल्या त्या साध्याच गोष्टी : जीव लावणारं माणूस, ठीकठाक चालणारं डोकं, स्वतःला आवरण्याची सवय, आणि आपल्याला काहीतरी जमतं हा विश्वास. या गोष्टी शाबूत असल्या तर बहुतेक मुलं सावरतात. तुटल्या, तर तिथे आधी डागडुजी करावी लागते.

कवाई बेटावरची ६९८ मुलं

हे कोणी घरबसल्या ठरवलेलं नाही. हवाई बेटांपैकी कवाई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन अभ्यासक बायकांनी पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी, दुसऱ्या वर्षी, दहाव्या, अठराव्या, बत्तिसाव्या आणि चाळिसाव्या वर्षी. पिढी म्हातारी होईपर्यंत एकाच विषयाला धरून राहायचं, हे काम सोपं नाही.

यांतली सुमारे एक तृतीयांश मुलं जास्त जोखमीची ठरली. घरात गरिबी, बाळंतपणात गुंतागुंत, आईबापांत कायमची भांडणं, दारू किंवा मानसिक आजार, अशा चार किंवा अधिक गोष्टी वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या आतच त्यांच्या वाट्याला आलेल्या. अपेक्षेप्रमाणे यांतल्या दोन तृतीयांश मुलांना पुढे अभ्यासात, वागणुकीत किंवा मनाच्या आरोग्यात अडचणी आल्या. पण उरलेली एक तृतीयांश मुलं जबाबदार, आत्मविश्वासू, इतरांची काळजी घेणारी माणसं झाली. एवढी ओझी असून!

त्यांच्यात काय होतं? तान्हेपणी हसतमुख, माणसात रमणारा स्वभाव, हे एक. दुसरं, आईबाप कमी पडले तरी आजी, आजोबा, मोठी बहीण, शेजारीण असं किमान एक माणूस त्यांना भक्कमपणे धरून होतं. तिसरं, घराबाहेर एखादे शिक्षक, एखादं मंडळ, एखादा प्रार्थनेचा गट. आणि चौथी गोष्ट आपल्याकडे सहसा कोणी मोजत नाही : घरातलं एखादं झेपेल असं काम त्यांच्यावर सोपवलेलं होतं. आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं, ही भावना मुलाला ताठ उभं करते.

आणखी एक निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. किशोरवयात बिघडलेल्यांपैकीही पुष्कळजण तिशी-चाळिशीत रुळावर आले. कोणाला पुन्हा शिकायला मिळालं, कोणाला चांगला जोडीदार मिळाला, कोणी सैन्यात भरती झालं. हे शेवटचं मी फौजी म्हणून घुसडत नाहीये, अभ्यासातच आहे! तात्पर्य, अठराव्या वर्षी माणसावर कायमचा शिक्का मारू नये.

ओझी एकावर एक चढतात तेव्हा

आता जोखमीची बाजू. ब्रिटनचे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी आइल ऑफ वाइट हे बेट आणि लंडनमधली एक गजबजलेली वस्ती इथल्या दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. आईबापांचं सततचं भांडण, हलाखी, मोठं कुटुंब आणि जागेची दाटी, वडिलांची गुन्हेगारी, आईचा मानसिक आजार, आणि मुलाला घराबाहेर ठेवावं लागणं, अशा सहा गोष्टी त्यांनी मोजल्या. यांतली एकच गोष्ट असलेल्या मुलांत मानसिक त्रासाचं प्रमाण एकही नसलेल्या मुलांएवढंच होतं, साधारण दोन टक्के. पण चार किंवा अधिक गोष्टी एकत्र आल्या तिथे ते वीस टक्क्यांपर्यंत गेलं.

पाठीवर एक पोतं असलेला हमाल चालतो. चौथं चढवलं की गुडघे वाकतात. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, केवळ एखादी गोष्ट दिसली म्हणून घाबरून जायचं कारण नाही. दोन, सगळी ओझी उतरवता आली नाहीत तरी एखादं जरी उतरवलं तर फरक पडतो. बापाची दारू तुम्ही आज सोडवू शकणार नाही. पण आईचं औषध सुरू करून देता येईल, शाळेची थकलेली फी भागवता येईल.

अशाच धर्तीवर अमेरिकेत सॅन डिएगो इथे १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांहून अधिक प्रौढांना बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांबद्दल विचारलं गेलं. मारहाण, अत्याचार, घरातलं व्यसन, आईबापांचं वेगळं होणं, वगैरे. जितके अनुभव जास्त, तितकी पुढच्या आयुष्यात व्यसन, नैराश्य आणि शारीरिक आजारांची शक्यताही पायरीपायरीनं जास्त, असं दिसलं. तेव्हापासून दहा प्रश्न विचारून मुलाचा 'स्कोअर' काढायची फॅशन आली. पण या अभ्यासाचे एक जनक रॉबर्ट अँडा यांनीच २०२० साली लेख लिहून सावध केलं, की हा आकडा लोकसंख्येचा अंदाज घ्यायला आहे, एकेका माणसाचं भविष्य सांगायला नाही. कारण उघड आहे. मार एकदा बसला की रोज, कोणत्या वयात, आणि नंतर कोणी जवळ घेतलं का, हे त्या आकड्यात येत नाही. तेव्हा मोजा जरूर, पण आकड्यावर थांबू नका.

तीन बाजूंनी पाहायचं

मग पाहायचं कसं? ब्रिटनच्या सरकारनं २००० साली समाजसेवकांसाठी एक चौकट घालून दिली. ती त्रिकोणाच्या रूपात काढतात, आणि आपल्यासारख्या सामान्य माणसालाही सहज लक्षात ठेवता येते.

पहिली बाजू मूल स्वतः. वयाप्रमाणे वजन, उंची, बोलणं आहे का? शाळेत जातं का? मित्र आहेत का? झोप लागते का?

दुसरी बाजू आईबाप किंवा सांभाळणारी माणसं. पोटाला घालणं, जपणं, माया करणं, शिस्त लावणं, आणि रोजच्या दिवसात एक ठरावीकपणा ठेवणं, यांतलं त्यांना काय जमतं आणि काय जमत नाही?

तिसरी बाजू घराभोवतीचं जग. पैसा, जागा, नोकरी, नातेवाईक, शेजारी, जवळ दवाखाना आहे का, अंगणवाडी चालते का.

तिन्ही बाजूंना दोन दोन रकाने करा : 'ओझं' आणि 'आधार'. माहिती काढायची ती चौकशी समिती बसल्यासारखी नाही. चहा घेता घेता, ओट्यावर बसून, भांडी घासणाऱ्या आजीशी बोलत. मुलाला विचारायचे माझे प्रश्न अगदी साधे असतात. रात्री तुझ्याजवळ कोण झोपतं? ताप आला तर कोणाला सांगतोस? घरात भांडण झालं की तू कुठे जातोस? शाळेत तुला नावानं कोण हाक मारतं? तुझ्यावर कोणतं काम सोपवलेलं आहे? या पाच उत्तरांतून अर्धं घर दिसतं. "भांडण झालं की मी पलीकडच्या काकूंकडे जातो," असं मूल म्हणालं, की ओझं आणि आधार दोन्ही एका वाक्यात कळले. आणि "कुठेच नाही, बहिणीचे कान झाकून बसते," असं उत्तर आलं, तर पुढचा प्रश्न न विचारता जरा गप्प बसावं.

एक पथ्य पाळा. जी गोष्ट सांगायला मूल कचरतंय ती खणून काढू नका, आणि एकदा सांगितलेली गोष्ट दहा जणांपुढे पुन्हा वदवून घेऊ नका.

'किती समजूतदार आहे हो!'

ब्रिजिड डॅनियल आणि सॅली वॅसल या ब्रिटिश अभ्यासकांनी ही सगळी माहिती मांडायला दोन रेघांचा एक आराखडा दिला. आडव्या रेघेच्या एका टोकाला प्रतिकूल परिस्थिती, दुसऱ्या टोकाला आधार देणारी. उभ्या रेघेवर वर उभारी, खाली हळवेपण. यातून चार खण होतात. नाजूक मूल आणि वाईट परिस्थिती या खणात कोणी असेल, तर तातडीनं हालचाल करायची, हे कोणीही सांगेल. उभारी असलेलं मूल आणि चांगला आधार, तिथे काळजी कमी.

फसायला होतं ते तिसऱ्या खणात : परिस्थिती वाईट, पण मूल दिसायला खंबीर. आपल्याकडे अशा मुलांचं फार कौतुक होतं. दहा वर्षांची मुलगी पहाटे उठून पाणी भरते, धाकट्याला आंघोळ घालते, दारू प्यायलेल्या बापाला जेवायला वाढते आणि वर्गात पहिली येते. सगळे म्हणतात, किती समजूतदार आहे हो! पण तिला झोप लागते का, हे कोणी विचारत नाही.

दिल्लीत शिकून पुढे अमेरिकेत गेलेल्या सुनिया लूथर यांनी नेमकं हेच तपासलं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, मोठ्या ताणातही शाळेत उत्तम वागणारी किशोरवयीन मुलं आतून जास्त उदास आणि चिंताग्रस्त निघाली. कमी ताणात वाढलेल्या तितक्याच हुशार मुलांपेक्षा जास्त. म्हणजे बाहेरून उभारी दिसत होती, आणि आतलं शेत कोरडं पडत होतं.

मघाशी मी म्हणालो की सोपवलेलं काम मुलाला उभं करतं. मग इथे काय बिनसलं? फरक मापाचा आहे. मुलाला झेपेल एवढं काम आणि घरातलं कोणीतरी मोठं माणूस पाठीशी, हा आधार. मोठ्यांची सगळी जबाबदारी मुलावर आणि पाठीशी कोणीच नाही, हे ओझं. तेव्हा समजूतदार मुलाचं नाव यादीतून कधीच काढू नका. उलट त्याच्या नावापुढे एक खूण जास्त करा.

एक घर मांडून पाहू

आता हे सगळं एका घरावर लावून पाहू. घर उदाहरणासाठी रचलेलं आहे, पण अशी घरं बीड जिल्ह्यात गावोगाव सापडतील. दिवाळीच्या सुमाराला नवराबायको ऊसतोडीला निघतात. जोडप्याला मिळून तिकडे 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परत फिरता येत नाही. मुक्काम सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे. गुजरातमधल्या दर्शकांनी डांगची माणसं सुरतेकडच्या ऊसतोडीला जाताना पाहिली असतील. चित्र फार वेगळं नाही.

या घरात तेरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. आजी गावात. वडील कधीमधी पितात, मारत नाहीत. मुलगी सातवीत, अभ्यासात बरी. गेल्या वर्षी तिला बरोबर नेलं होतं. चार महिने शाळा बुडाली. यंदा आईबाप म्हणतात, एक तर बरोबर नेऊ, नाहीतर स्थळ आलंय, उरकून टाकू.

अर्धा कागद भरणारा माणूस लिहील : अडाणी आईबाप, बालविवाहाचा प्रयत्न, मुलीला संस्थेत दाखल करा. आता पूर्ण कागद भरू. ओझं : कर्ज, स्थलांतर, बुडणारी शाळा, वडिलांचं पिणं, धाकट्याची जबाबदारी, आणि लग्नाचा तातडीचा धोका. आधार : आजी घरी आहे आणि तिची तब्येत बरी आहे, मुलीला शाळा आवडते, वर्गशिक्षिका तिला ओळखतात, आईचं मुलांवर प्रेम आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, लग्नाची घाई का, हे आईला विचारलं तर ती सांगते, "मागं पोरीला कोण सांभाळणार? काही झालं तर?" म्हणजे इथे लग्नामागे क्रौर्य नाही, भीती आहे. आणि भीतीवर इलाज करता येतो.

इलाज कोणते? आजीकडे राहणाऱ्या मुलांना जेवण मिळावं म्हणून गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, ते सुरू आहे का ते मुख्याध्यापकांकडून पाहायचं. धाकट्याला न्यायचंच असेल, तर शिक्षण हमी पत्रक घेऊन ऊसतोडीच्या गावच्या शाळेत बसवायचं. रात्री आजीच्या सोबतीला एखादी नात्यातली बाई. आठवड्यातून ठरल्या वेळी आईचा फोन. शिक्षिकेनं दर सोमवारी मुलीची विचारपूस करायची. आणि लग्नाबद्दल स्पष्ट शब्दांत सांगायचं, की २००६ च्या कायद्यानं अठराच्या आत मुलीचं लग्न हा गुन्हा आहे, आणि ठरवाठरव पुढे गेली तर आम्ही गप्प बसणार नाही. गावातली बाल संरक्षण समिती आणि अंगणवाडी ताई यांना सुरुवातीपासून बरोबर घ्यायचं.

यात कर्ज फिटलं नाही, स्थलांतर थांबलं नाही. पण ओझ्यांतली दोन-तीन पोती उतरली आणि मुलगी शाळेत राहिली. ही योजना मात्र एका महिन्यानं पुन्हा तपासायची. आजी आजारी पडली तर सगळं गणित बदलतं. परिस्थितीचा अंदाज ही एकदाच भरून फाइलला लावायची गोष्ट नाही.

गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे

इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. धोका असताना मुलाला तिथेच ठेवलं तर जिवावर बेतू शकतं. आणि केवळ गरिबी पाहून मायेच्या घरातून मुलाला उचललं, तर त्याचा सगळ्यांत मोठा आधार आपणच काढून घेतो.

रुमानियाची राजधानी बुखारेस्ट इथे २००० च्या सुमाराला अनाथालयांतली १३६ लहान मुलं घेऊन एक अभ्यास सुरू झाला. निम्मी मुलं प्रतिपालक कुटुंबांत दिली, निम्म्यांचा सांभाळ नेहमीसारखा चालू राहिला. कुटुंबात गेलेली मुलं, त्यातही दोन वर्षांच्या आत गेलेली, बुद्धी आणि मायेचे बंध या दोन्हींत संस्थेतल्या मुलांच्या पुढे गेली. संस्थेत जेवण, कपडे, औषध मिळत होतं. माझं असं म्हणावं असं एक माणूस मिळत नव्हतं.

आपला बाल न्याय कायदा, २०१५ चा, हेच तत्त्व मानतो. मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्था हा शेवटचा उपाय, असं तो सांगतो. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं तर चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं. समिती सामाजिक तपासणी अहवाल मागवते. तो पंधरा दिवसांत द्यायचा असतो. आपण आज जे दोन रकाने भरले, ते या अहवालाचं घरगुती रूप समजा. तुमच्या ओळखीच्या मुलाबद्दल असा अहवाल बनत असेल, तर घरातल्या ओझ्यांबरोबर आधाराची माणसंही त्यात यावीत, म्हणून आजी, मामा, शिक्षक यांची नावं स्वतः जाऊन सांगा.

घर टिकवायला पैशांची मदतही आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत मूल घरीच किंवा नातेवाइकांकडे राहावं म्हणून पात्र मुलाला महिना ४,००० रुपये प्रायोजकत्व मिळू शकतं. विधवा किंवा परित्यक्ता आईचं मूल, नातेवाइकांकडे राहणारं अनाथ मूल, आईबाप गंभीर आजारी असलेलं मूल यांचा त्यात विचार होतो. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांच्या आत असावं लागतं. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावला किंवा हैदराबादला, हा कक्ष तुमच्या जिल्ह्यात असतो. राज्याच्या स्वतःच्या योजना वेगवेगळ्या नावांनी असतात, त्याही तिथेच विचारा.

जिथे तोलत बसायचं नाही

आतापर्यंत मी ओझं आणि आधार तोलायला सांगत होतो. काही वेळा मात्र तराजू बाजूला ठेवायचा. लैंगिक अत्याचाराचा संशय. कारण सांगता येत नाही अशा जखमा, भाजल्याच्या खुणा. घरी जायला मूल थरथरतंय. मूल जीव देण्याची भाषा करतंय. लग्नाची तारीख ठरली आहे. अगदी लहान मूल हिंसक किंवा शुद्धीत नसलेल्या माणसाच्या ताब्यात आहे. अशा वेळी 'घरातला मामला' म्हणून परतायचं नाही.

१०९८ हा क्रमांक पाठ करा. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झालेली ही बाल मदतवाहिनी आज देशभर चालते. फोन मूलही करू शकतं, तुम्हीही करू शकता. जिवाचा धोका समोर दिसत असेल तर ११२. आणि पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही न कळवणं हाच गुन्हा आहे. ही सक्ती शिक्षक आणि डॉक्टरांपुरती नाही, तुमच्या-माझ्यावरही आहे. खरंखोटं शोधणं पोलिसांचं आणि समितीचं काम. आपलं काम कळवण्याचं.

आपण काय करायचं

शेवटी थोडक्यात.

१. ओळखीतल्या अशा एका मुलाचा विचार करा आणि कागदावर दोन रकाने भरा. आधाराचा रकाना रिकामा राहिला तर तुम्ही अजून नीट पाहिलेलं नाही, किंवा ते मूल खरोखर धोक्यात आहे. दोन्ही बाबतीत पुन्हा जायला हवं.

२. जे आधाराचं माणूस सापडलं, आजी, मावशी, शिक्षिका, त्या माणसालाच आधार द्या. आजीच्या गुडघ्याचं औषध हीसुद्धा मुलाला केलेली मदत आहे.

३. सगळी ओझी एकदम उतरवायला जाऊ नका. आज जे उतरेल ते एक उतरवा.

४. तुम्ही स्वतः ते माणूस होणार असाल, तर जेवढं झेपेल तेवढंच कबूल करा. दर रविवारी अर्धा तास म्हणालात, तर दर रविवारी अर्धा तास. चार वेळा येऊन गायब होणारा माणूस अशा मुलांनी आधीच पाहिलेला असतो.

५. घरच्यांचा मान राखा. आईबापांना मुलासमोर कमी लेखलंत, तर मुलाच्या पायाखालची उरलेली जमीनही सरकते.

६. महिन्यानं पुन्हा बघा. चांगलं चाललंय असं दिसलं तरी बघा.

कवाईच्या त्या मुलांपैकी एक तृतीयांश सावरली, हे मी मघाशी सांगितलं. त्यांच्या आजीला, शेजारणीला, मास्तरांना बहुधा कोणी रेझिलियन्स हा शब्द सांगितला नव्हता. ती माणसं फक्त तिथे होती, आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच होती.

तुमच्या राज्यात या कामाचा काही अनुभव असेल तर जरूर कळवा. मुलाचं किंवा घराचं नाव मात्र लिहू नका. पुढच्या भागात दत्तक आणि प्रतिपालकत्व यांतला फरक समजून घेऊ. तोवर आपली आणि आपल्या आसपासच्या लेकरांची काळजी घ्या.

जय हिंद.